अतिसपाट प्रदेशातील पूरक्षेत्रांचे नकाशांकन : कोसी खोऱ्याचा अनुभव

१८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळमधील कुसहा येथे कोसी नदीचा पूर्वेकडील तटबंध फुटला. भारत-नेपाळ सीमेवर भीमनगरजवळ कोसीवर जे बॅरेज आहे, त्याच्या वरच्या बाजूस सुमारे १२ किलोमीटरवर हे ठिकाण येते. फुटीनंतर नदीचे बहुतांश पाणी पूर्वेकडे वळले, पूर्वी सोडून दिलेल्या आपल्याच जुन्या मार्गांनी वाहू लागले आणि सुपौल, मधेपुरा, सहरसा, अररिया व पूर्णिया या जिल्ह्यांत पसरले. बिहारमधील तीस लाखांहून अधिक लोकांना त्याची झळ पोहोचली.

या घटनेतील दोन बाबी अभ्यासकाने बारकाईने पाहाव्यात अशा आहेत. कोसीवरील बांधकामांचा आराखडा ९.५ लाख क्युसेक इतक्या प्रवाहासाठी करण्यात आलेला होता. तटबंध फुटला त्या वेळी नदीत सुमारे १.४४ लाख क्युसेक पाणी होते. पावसाळ्यातील कोसीच्या दृष्टीने हा प्रवाह असामान्य नव्हे. दुसरी बाब अशी की, ज्यांची घरे पाण्याखाली गेली त्यांतील बहुसंख्य लोक तटबंधाच्या बाहेरच्या, म्हणजे शासकीय भाषेत ‘संरक्षित’ बाजूला राहत होते. पूरक्षेत्राच्या रूढ व्याख्येप्रमाणे काढलेल्या नकाशात ही गावे धोक्याच्या रेषेबाहेर दाखवली जाणे अगदी स्वाभाविक होते. मग चूक नकाशा काढणाऱ्याची, की रेषा काढण्याच्या पद्धतीचीच? अत्यंत सपाट भूमीवर पूरक्षेत्राची सीमा कशी ठरते आणि ती ठरवताना कोणाचे काय पणाला लागते, या प्रश्नाचा विचार येथूनच सुरू करावा लागतो.

पूररेषा : एका गृहीतकाचा शोध

भूगोलाच्या पाठ्यपुस्तकात पूरमैदानाची व्याख्या सोपी असते. पुराच्या वेळी नदीचे पाणी काठाबाहेर जेथवर पसरते व गाळ टाकते, तो सपाट भाग म्हणजे पूरमैदान. नियोजनासाठी मात्र एवढी व्याख्या पुरत नाही, कारण प्रत्येक पूर वेगळा असतो. म्हणून जलशास्त्रात ‘पुनरावृत्ती काळ’ ही संकल्पना वापरली जाते. महाराष्ट्रातील वाचकांना निळी व लाल पूररेषा परिचित आहेत. राज्य शासनाच्या १९८९ च्या परिपत्रकानुसार निळी रेषा स्थूलमानाने २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी दाखवते. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई आणि दोन्ही रेषांच्या मधल्या पट्ट्यात निर्बंध, अशी ती व्यवस्था आहे.

येथे परीक्षार्थींची हमखास होणारी चूक सांगून ठेवणे इष्ट. ‘शंभर वर्षांचा पूर’ म्हणजे एकदा येऊन गेला की पुढची शंभर वर्षे न येणारा पूर नव्हे. कोणत्याही एका वर्षी तो येण्याची संभाव्यता १ टक्का असते, एवढाच त्याचा अर्थ. घराचे आयुष्य ३० वर्षे धरले, तर त्या अवधीत असा पूर निदान एकदा येण्याची संभाव्यता सुमारे २६ टक्के होते. २५ वर्षांच्या पुरासाठी हाच आकडा सुमारे ७१ टक्के भरतो.

या सर्व पद्धतीमागे एक गृहीतक दडलेले आहे. नदी जमिनीच्या सर्वांत खोल भागातून वाहते, दोन्ही बाजूंना जमीन चढत जाते आणि पाण्याची पातळी वाढली की ते या चढावर हळूहळू सरकते, असे त्यात मानलेले असते. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्यांच्या खोऱ्यांत हे बऱ्याच अंशी खरे आहे. कृष्णेकाठी सांगलीसारख्या तुलनेने सपाट भागातही २००५ व २०१९ च्या महापुरांत पाणी चढत जाऊन ज्या जमिनीवर थांबले, ती जमीन नदीपात्राहून उंचच होती. उत्तर बिहारमध्ये मात्र हे गृहीतक मुळातच डळमळते.

उताराचे गणित

हिमालयातून बाहेर पडताच कोसीने आपल्याबरोबर आणलेला गाळ पसरून एक प्रचंड पंखाकृती मैदान तयार केले आहे. जगातील मोठ्या पंखाकृती मैदानांत त्याची गणना होते. डोंगराच्या पायथ्याशी या मैदानाला किलोमीटरमागे अर्ध्या मीटरहून अधिक उतार आहे. दक्षिणेकडे गंगेजवळ येईपर्यंत तो किलोमीटरमागे काही सेंटीमीटरांवर येतो. हा उतार माणसाच्या नजरेला जाणवतही नाही.

उदाहरणासाठी उतार किलोमीटरला १० सेंटीमीटर धरू. पुराच्या पाण्याची पातळी किंवा जमिनीची उंची मोजताना १ मीटरची चूक झाली, तर नकाशावरील पूररेषा १० किलोमीटर सरकते. दख्खनच्या पठारावरील एखाद्या नदीचा काठ २० मीटरमागे १ मीटर चढत असेल, तर उंचीतील तेवढ्याच चुकीने तेथील रेषा फक्त २० मीटर हलते. एकच साधन, एकच चूक. एका ठिकाणी ती अंगणाएवढी, तर दुसऱ्या ठिकाणी तालुक्याएवढी.

यातच आणखी एक गुंतागुंत आहे. अरुंद दरीत पाणी वाढले की ते वर चढते. सपाट प्रदेशात ते आडवे पसरते. त्यामुळे २५ वर्षांच्या व १०० वर्षांच्या पुरांच्या प्रवाहात मोठी तफावत असली, तरी त्यांच्या पातळीतील अंतर काही डेसिमीटर इतकेच राहू शकते. नकाशावर मात्र या दोन पातळ्यांमध्ये कित्येक किलोमीटर रुंदीचा, दाट वस्तीचा पट्टा सापडतो. उंची मोजण्यातील अनिश्चितता या फरकाहून मोठी असेल, तर निळी कोणती आणि लाल कोणती हे सांगणे अवघड होते.

उंची मोजायची कशी ?

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणावरील भूस्थलदर्शक नकाशे ही आपली जुनी व विश्वासार्ह संपत्ती आहे. परंतु त्यांतील समोच्च रेषा १० किंवा २० मीटरच्या अंतराने काढलेल्या असतात. किलोमीटरला १० सेंटीमीटर उतार असलेल्या प्रदेशात १० मीटर अंतराच्या लगतच्या दोन समोच्च रेषा एकमेकींपासून १०० किलोमीटर दूर पडतील. मधल्या प्रदेशात काय आहे, हे सांगायला तुरळक स्थानबिंदूंच्या उंचीखेरीज काहीच उरत नाही. ही अडचण नियोजनकारांना ठाऊक नव्हती असे नाही. पूरप्रवण क्षेत्रांचे १:१५,००० प्रमाणाचे व ०.३ ते ०.५ मीटर समोच्च अंतराचे नकाशे तयार करण्याचा केंद्रीय कार्यक्रम १९७८ मध्येच हाती घेण्यात आला होता. अर्ध्या मीटरचा निकष त्या काळीही योग्य होता. जमिनीवरून पायी चालत, पातळीयंत्राने इतके बारीक मोजमाप करणे किती वेळखाऊ असते, याची कल्पना करता येईल.

अवकाश तंत्रज्ञानामुळे मोजणीचा वेग वाढला. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ या अवकाशयानातून अकरा दिवसांच्या मोहिमेत रडारद्वारे पृथ्वीवरील बहुतांश भूभागाची उंची मोजण्यात आली. एसआरटीएम या नावाने ओळखली जाणारी ही माहिती प्रारंभी अमेरिकेबाहेरील प्रदेशासाठी सुमारे ९० मीटरच्या चौकटीत, व २०१४ पासून ३० मीटरच्या चौकटीत विनामूल्य उपलब्ध झाली. भारताचा कार्टोसॅट-१ हा उपग्रह ५ मे २००५ रोजी प्रक्षेपित झाला; त्यावरील दोन कॅमेऱ्यांच्या जोडचित्रांतून संपूर्ण देशाचे उंचीचे अंकीय प्रारूप तयार करण्यात आले. ही दोन्ही कामे आपापल्या जागी मोठी आहेत. परंतु कार्टोसॅटच्या प्रारूपाची उंचीविषयक अचूकता सुमारे ८ मीटर सांगितली जाते. आणि एसआरटीएमच्या सर्वसाधारणपणे वापरल्या जाणाऱ्या संचात उंची पूर्ण मीटरमध्येच नोंदलेली आहे. म्हणजे आपल्या उदाहरणातील मैदानावर प्रत्यक्ष जमीन सलग उतरत असताना, संगणकाच्या पडद्यावर ती १० किलोमीटर लांबीच्या पायऱ्यांसारखी दिसणार. शिवाय रडारच्या लहरी बऱ्याचदा झाडांच्या शेंड्यांवरून परत येतात. उत्तर बिहारमध्ये आमराया आणि बांबूची बेटे वस्तीला लागूनच असतात, त्यामुळे गाव आहे त्याहून उंच दिसते व नकाशात ते पुरातून आपोआप ‘वाचते’. वृक्षाच्छादनाची ही चूक वजा करून सुधारलेली प्रारूपे २०१७ च्या सुमारास उपलब्ध झाली. त्यामुळे परिस्थिती सुधारली असली, तरी अर्ध्या मीटरचा निकष त्यांनाही गाठता येत नाही.

विमानातून लेसर किरण सोडून जमिनीची उंची मोजण्याच्या तंत्राला लिडार म्हणतात. पानांच्या फटींतून काही किरण जमिनीपर्यंत पोहोचत असल्याने त्यात झाडे व जमीन वेगवेगळी ओळखता येतात आणि १० ते २० सेंटीमीटरपर्यंतची अचूकता मिळू शकते. सपाट प्रदेशासाठी हेच तंत्र खऱ्या अर्थाने उपयोगाचे आहे. त्याचा खर्च मोठा असतो, त्यामुळे ते कोठे वापरायचे याचा प्राधान्यक्रम ठरवावा लागतो. त्या प्रश्नाकडे पुढे येऊ.

मोजणीत आणखी एक सूक्ष्म अडचण असते, आणि ती तज्ज्ञांनाही चकवते. उपग्रहाधारित स्थाननिश्चितीतून मिळणारी उंची ही पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजलेली असते. पाणी मात्र गुरुत्वाकर्षणाने ठरणाऱ्या समपातळीनुसार वाहते. या समपातळीला जिऑईड म्हणतात. गंगेच्या मैदानात जिऑईड हा गणिती आकाराच्या पन्नासहून अधिक मीटर खाली आहे आणि हे अंतर सर्वत्र सारखे नाही. हिमालयाच्या प्रचंड वस्तुमानामुळे ते उत्तरेकडे जाताना बदलते. ही दुरुस्ती ढोबळपणे केली, तर मैदानाचा जो नाममात्र उतार आहे त्याच तोलाची चूक नकाशात शिरते, आणि पाणी कागदावर उलट्या दिशेने वाहू लागते. भारतातील उंचीमापनाचा पाया १९०९ मध्ये किनाऱ्यावरील नऊ भरतीमापन केंद्रांच्या आधारे घातला गेला. तेथपासून पातळी मोजत देशाच्या अंतर्भागात उभारलेले संदर्भखुणांचे दगड आजही याच कारणासाठी मोलाचे आहेत. त्यांतील अनेक रस्तारुंदीकरणात नष्ट होतात, याची दखल मात्र फारशी घेतली जात नाही.

नदी उंच, जमीन खाली

इतका वेळ नदी हीच सर्वांत खोल जागा आहे असे गृहीत धरले होते. कोसीच्या बाबतीत तेही खरे नाही. गाळ वाहून आणणारी नदी पुराच्या वेळी आपल्या काठावरच सर्वाधिक गाळ टाकते, त्यामुळे काठ उंचावतात व नैसर्गिक पूरतट तयार होतात. १९५४ च्या भारत-नेपाळ करारानंतर कोसीच्या दोन्ही बाजूंना तटबंध बांधले गेले व पूर्वी सर्वदूर पसरणारा गाळ दोन तटबंधांच्या मध्येच साचू लागला. परिणामी अनेक ठिकाणी नदीचे पात्र तटबंधाबाहेरील जमिनीहून उंच झाले आहे. दोन तटबंधांच्या मध्ये राहिलेल्या तीनशेहून अधिक गावांचा प्रश्न स्वतंत्र आहे. त्यांच्यासाठी पूररेषा हा शब्दच निरर्थक ठरतो, कारण ती गावे दरवर्षी नदीतच असतात.

अशा परिस्थितीत पाण्याची पातळी ठरवून ती दोन्ही बाजूंच्या जमिनीवर आडवी ताणण्याची रूढ पद्धत फसते. तटबंध टिकला तर बाहेर थेंबही येत नाही. फुटला तर पाणी कोठवर जाईल हे फुटीच्या जागेवर अवलंबून असते. म्हणजे येथे पूरक्षेत्र हे नदीतील पाण्यापेक्षा बांधकामाच्या अवस्थेचे फलित असते. कुसहाच्या १.४४ लाख क्युसेकचा अर्थ हाच. २८ सप्टेंबर २०२४ रोजी कोसी बॅरेजमधून ६.६१ लाख क्युसेक पाणी सोडण्यात आले. १९६८ नंतरचा तो सर्वांत मोठा प्रवाह होता. त्यानंतर दरभंगा जिल्ह्यातील किरतपूर परिसरात पश्चिमेकडील तटबंध फुटला. २००८ च्या चौपटीहून अधिक पाणी येऊनही या वेळी हानीचा भूगोल सर्वस्वी वेगळा होता. पुनरावृत्ती काळाच्या आधारे काढलेल्या एकाच नकाशात या दोन्ही घटना बसवणे शक्य नाही.

सपाट भूमीवर लहानसहान उंचवटेही निर्णायक ठरतात. दीड मीटर उंचीचा ग्रामरस्ता, रेल्वेचा भराव, कालव्याचा काठ यांपैकी कोणतीही गोष्ट पाणी एका बाजूस अडवून धरू शकते. ३० मीटरच्या चौकटीत पाच-सहा मीटर रुंदीचा भराव सरासरीत विरून जातो व नकाशावरून नाहीसा होतो. त्या भरावाखालील मोऱ्या तर अवकाशातून दिसतच नाहीत. आधुनिक द्विमितीय जलप्रवाह प्रारूपांत हे अडथळे स्वतंत्र रेषा म्हणून भरता येतात. मात्र त्यासाठी प्रत्येक मोरीची रुंदी व तळपातळी कोणीतरी जागेवर जाऊन मोजलेली असावी लागते. महागडे प्रारूप आणि न मोजलेल्या मोऱ्या ही जोडी अहवालांत वारंवार आढळते. नवा रस्ता झाला की त्या भागाचा पूरनकाशा जुना होतो, हे तत्त्व अजून आपल्या अंदाजपत्रकांत उतरलेले नाही.

उपग्रहाला दिसणारा पूर

उंची मोजून पूर कोठे येईल याचा अंदाज करण्याऐवजी, तो कोठे आला हे वर्षानुवर्षे पाहून नोंदवणे, हा दुसरा मार्ग होय. ढगांतून आरपार पाहू शकणाऱ्या रडार उपग्रहांमुळे तो शक्य झाला. हैदराबाद येथील राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने १९९८ पासूनच्या चित्रांच्या आधारे बिहार, आसाम आदी राज्यांचे पूरसंकट नकाशासंग्रह तयार केले असून, २०२३ मध्ये १९९८ ते २०२२ या काळाचा संपूर्ण देशाचा पूरबाधित क्षेत्र नकाशासंग्रह प्रसिद्ध झाला. त्यानुसार या पंचवीस वर्षांत देशाचे सुमारे १५७ लाख हेक्टर क्षेत्र केव्हा ना केव्हा पाण्याखाली आलेले दिसले.

हा आकडा राष्ट्रीय पूर आयोगाच्या आकड्याशेजारी ठेवून पाहावा. १९७६ मध्ये नेमलेल्या या आयोगाने १९८० च्या अहवालात देशातील पूरप्रवण क्षेत्र ४०० लाख हेक्टर सांगितले. १९५३ ते १९७८ या काळात प्रत्येक राज्यात ज्या वर्षी सर्वाधिक क्षेत्र पुराखाली आले, त्या वर्षाचा आकडा घेऊन त्यांची बेरीज करायची, त्यात संरक्षित क्षेत्र मिळवायचे व दुबार मोजणी वजा करायची, अशी ती पद्धत होती. पुढे बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या कार्यगटाने हा आकडा ४९८ लाख हेक्टरपर्यंत नेला. १५७ आणि ४९८ यांतील खरे कोणते, असा प्रश्न परीक्षेत कोणी विचारल्यास उत्तर असे की, दोन्ही संख्या वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. राज्यांचे आकडे महसूल यंत्रणेच्या नोंदींवरून येतात व मदतनिधी त्यांच्याशी निगडित असल्याने ते वाढते राहण्याकडे कल असतो. उपग्रह मदत मागत नाही. पण तो ठरावीक दिवशीच वरून जातो. पुराचा उच्चांक त्या दोन फेऱ्यांच्या मध्ये येऊन गेला तर तो नोंदलाच जात नाही. शिवाय लावणीसाठी पाणी भरलेले भाताचे खाचर, पावसाचे तुंबलेले पाणी आणि नदीचा पूर यांतील फरक रडारच्या चित्रात सहज ओळखू येत नाही. आयोगाने पूरप्रवण क्षेत्राचे शास्त्रीय पद्धतीने निर्धारण करण्याची जी गरज सांगितली होती, ते काम अनेक राज्यांत पूर्ण झाले नसल्याचे नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१७ मध्ये निदर्शनास आणले.

वारंवारतेवर आधारलेल्या नकाशाची आणखी एक मर्यादा कोसीनेच दाखवली आहे. जे क्षेत्र वीस-बावीस वर्षांत एकदाच, २००८ मध्ये, बुडाले, ते अशा वर्गवारीत खालच्या, म्हणजे सौम्य धोक्याच्या वर्गात जाणार. जेथे दरवर्षी गुडघाभर पाणी येते तो भाग तीव्र धोक्याचा ठरणार. पहिल्या ठिकाणी लोकांना पुराची सवय नाही, घरांची जोती ठेंगणी आहेत, नावा नाहीत. दुसऱ्या ठिकाणी सर्व काही पुराला धरून बेतलेले आहे. धोक्याची वारंवारता आणि हानीची तीव्रता यांचे दोन स्वतंत्र नकाशे असणे म्हणूनच आवश्यक ठरते.

रेषेची किंमत कोण मोजतो ?

केंद्रीय जल आयोगाने पूरमैदान क्षेत्रविभागणीचे आदर्श विधेयक १९७५ मध्ये राज्यांना पाठवले. पुढे मणिपूर (१९७८), राजस्थान (१९९०), तत्कालीन जम्मू-काश्मीर राज्य (२००५) व उत्तराखंड (२०१२) यांनी कायदे केले. सर्वाधिक पूर सोसणाऱ्या बिहार व आसामचा या यादीत समावेश नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत ‘पूर’ असा स्वतंत्र विषय नसून, जलनिस्सारण व बंधारे-तटबंध हे राज्यसूचीतील १७ व्या नोंदीत येतात. त्यामुळे केंद्राची भूमिका सल्ल्याची व अर्थसाहाय्याची राहते. राज्यांच्या अनुत्साहाचे स्पष्टीकरण बहुधा ‘राजकीय इच्छाशक्तीचा अभाव’ या शब्दांत दिले जाते. ते अपुरे आहे. बिहारचे ६८.८ लाख हेक्टर, म्हणजे राज्याच्या क्षेत्रफळाचे सुमारे ७३ टक्के क्षेत्र पूरप्रवण गणले जाते. एवढ्या क्षेत्रावर बांधकामबंदीची रेषा ओढायची, तर लोकांनी जायचे कोठे ? पठारी राज्यात रेषेपलीकडे पर्यायी जमीन असते. येथे ती नाही.

अर्थशास्त्रीय दृष्टीने पूररेषा ही मालमत्तेच्या हक्कावरील मर्यादा होय. रेषेच्या आत गेलेल्या जमिनीचे मूल्य उतरते, कर्ज मिळणे कठीण होते. बाहेर राहिलेल्या जमिनीला जणू शासकीय हमी मिळते. दोन्ही प्रकारच्या चुकांची किंमत सारखी नसते. सुरक्षित गाव चुकून आत घेतले, तर नुकसान हळूहळू व विखुरलेले होते. असुरक्षित गाव बाहेर ठेवले, तर ते एका रात्रीत व एकवटून होते. पहिल्या चुकीविरुद्ध अर्ज-विनंत्या होतात, दुसरीविरुद्ध कोणी आधी तक्रार करत नाही. त्यामुळे रेषा आत-आत सरकवण्याकडे प्रशासनाचा कल राहतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका घराचे पुरात २ लाख रुपयांचे नुकसान होते व पूर येण्याची वार्षिक संभाव्यता ४ टक्के आहे. अपेक्षित वार्षिक हानी ८,००० रुपये झाली. घराचे जोते पुरेसे उंच करण्याचा खर्च वर्षाला ६,००० रुपये पडत असेल, तर तो करणे शहाणपणाचे. पण नकाशाच अनिश्चित असल्याने संभाव्यता १ टक्का असू शकते किंवा १० टक्केही. अपेक्षित हानी मग २,००० ते २०,००० रुपयांच्या दरम्यान कोठेही पडते, आणि जोते उंच करावे की नाही याचे उत्तरच बदलते. अचूक नकाशाचे मूल्य ते हेच. अनिश्चितता कमी झाल्याने जे चुकीचे खर्च टळतात, त्यांची बेरीज मोजणीच्या खर्चाहून जास्त असेल तेथे लिडार वापरावे. यावरून प्राधान्यक्रमही निघतो : तटबंधालगतच्या ‘संरक्षित’ पण दाट वस्तीच्या पट्ट्याला पहिला मान, आणि जेथे निर्णय नकाशाने बदलणारच नाही अशा दोन तटबंधांमधील भागाला नंतरचा.

‘संरक्षित’ या शब्दाने होणारे नुकसानही कमी नाही. पूरनियंत्रणाची बांधकामे झाली की लोक निर्धास्त होऊन धोक्याच्या भागात अधिक गुंतवणूक करतात व पुढील हानी वाढते, हे विवेचन अमेरिकन भूगोलशास्त्रज्ञ गिल्बर्ट व्हाइट यांच्या १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रबंधापासून सर्वमान्य आहे. १९५४ च्या सुमारास बिहारमध्ये १६० किलोमीटर तटबंध होते व पूरप्रवण क्षेत्र २५ लाख हेक्टर होते. आज तटबंधांची लांबी ३,००० किलोमीटरहून अधिक आहे आणि पूरप्रवण क्षेत्राचा आकडा वर दिलाच आहे. या वाढीचे सर्व श्रेय तटबंधांना देणे अन्यायाचे होईल, कारण मोजण्याच्या पद्धतीही बदलल्या. तरीही नकाशात तटबंधामागील क्षेत्र कोरे न सोडता ‘फुटीच्या वेळी बाधित होणारे क्षेत्र’ म्हणून वेगळ्या छटेत दाखवले पाहिजे.

पाणी किती दिवस राहते ?

शेतीच्या अर्थकारणात पुराच्या उंचीपेक्षा त्याचा मुक्काम महत्त्वाचा असतो. बिहारमध्ये ९.४१ लाख हेक्टर जमीन पाणथळ गणली जाते. येथे अनेकदा नदीचे पाणी बाहेर आलेलेच नसते. पावसाचे पाणी तटबंधामुळे नदीत जाऊ शकत नाही व बशीसारख्या खोलगट भागात महिनोन्‌महिने साचून राहते. गंगेच्या दक्षिणेस सुमारे एक लाख हेक्टरचा मोकामा ताल दरवर्षी पाण्याखाली जातो आणि पाणी ओसरल्यावर तेथे मसूर-हरभऱ्याचे उत्तम पीक येते. तेथील शेतकऱ्याला पूर येईल का, हा प्रश्न पडत नाही. पाणी वेळेवर निघाले नाही तर पेरणी हुकते, ही त्याची चिंता असते. पूररेषेच्या नकाशात या तारखेला जागाच नाही. खोली, कालावधी व ओसरण्याचा दिवस अशा तीन माहित्या एकत्र दाखवणारा नकाशा त्याच्या उपयोगाचा.

ही माहिती अंशतः लोकभाषेत आधीपासून नोंदलेली आहे. उत्तर बिहारमध्ये पाणी साचणाऱ्या खोलगट भागाला चौर म्हणतात, नदीने सोडलेल्या नालाकृती सरोवराला मन, पात्रालगतच्या बदलत्या वाळूमिश्रित जमिनीला दियारा आणि कोसीच्या जुन्या प्रवाहमार्गाला धार. गावांच्या व शेतांच्या नावांत हे शब्द टिकून आहेत. अठराव्या शतकात पूर्णियाजवळून वाहणारी कोसी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शंभराहून अधिक किलोमीटर पश्चिमेस सरकली. जेम्स रेनेल यांच्या १७७९-८० च्या बंगालच्या नकाशासंग्रहापासूनचे जुने नकाशे एकावर एक ठेवले, तर या धारांचे जाळे उलगडते. २००८ मध्ये पाणी ज्या वाटेने गेले ती वाट या जाळ्यातच होती. उंचीच्या प्रारूपाला जेथे अर्ध्या मीटरचा फरक कळत नाही, तेथे शेताचे नाव तो सांगून जाते.

पंचायत पातळीवर घरांच्या व शाळांच्या भिंतींवरील पूरखुणा, हातपंपाच्या ओट्याची उंची आणि पाणी ओसरल्याच्या तारखा यांची नोंद करून ती संदर्भखुणांच्या दगडाशी पातळीयंत्राने जोडली, तर प्रत्येक गावात तपासणीचे पाच-दहा बिंदू मिळू शकतात. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जानेवारी २००८ मध्ये, म्हणजे कुसहाच्या सात महिने आधी, पूर व्यवस्थापनाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांतही पूरप्रवण क्षेत्रांच्या बारीक समोच्च अंतराच्या नकाशांवर भर होता. असे नकाशे होतील तेव्हा त्यांच्या कडेला एक ओळ मोठ्या अक्षरांत छापावी लागेल : या नकाशातील उंचीची चूक इतके सेंटीमीटर आहे, आणि म्हणून येथील रेषा इतके किलोमीटर मागेपुढे असू शकते.